छावणीतले चेअरमन

विठ्ठलराव सोमवारी निवडणूक हरले आणि मंगळवारी त्यांनी अंथरूण धरलं. मधला वेळ त्यांनी फेरमोजणी मागण्यात घालवला. फेरमोजणीत आणखी चार मतं कमी निघाली, तेव्हा कुठे ते घरी येऊन आडवे झाले.

सत्तावीस वर्षं ते तालुक्याच्या दूध संघाचे चेअरमन होते. या सत्तावीस वर्षांत त्यांनी दुधावर किती भाषणं दिली याचा हिशोब कुणी ठेवला नाही. शीतकेंद्रांच्या फिती कापल्या, गुजरातेत दोनदा आणि परदेशात एकदा अभ्यासदौरा केला, तिथल्या गाईंसोबत फोटो काढून ते दिवाणखान्यात लावले. राहून गेलं ते एवढंच की गाईखाली धार काढायला ते कधी बसले नाहीत. तशी वेळच आली नाही. घरची धार सालगडी आश्रुबा काढायचा आणि संघाचं दूध तालुकाभरातल्या बायामाणसांनी काढलेलं असायचं. चेअरमनचं काम दुधाचं धोरण ठरवायचं. धोरणाला हात भरत नाहीत.

त्यांना हरवलं कुणी, तर बंकटने. हा बंकट नऊ वर्षं त्यांची बॅग धरत होता आणि गाडीचं दार उघडत होता. दार उघडता उघडता त्याने आत कोण कोण बसतं, काय बोलतं हे नीट ऐकून ठेवलं होतं. आता तोच आत बसायला लागला.

मंगळवारी सकाळी मुक्ताबाईंनी सवयीने पंचवीस जणांचा चहा टाकला. रोज सातच्या आत ओसरी भरायची. कुणाला दाखला हवा, कुणाच्या पोराला नोकरी हवी, कुणाला नुसतं दिसायला यायचं असायचं. त्या दिवशी ओसरीवर एक कुत्रं होतं, तेही शेजाऱ्यांचं. पाणी वाया घालवायचे दिवस नव्हते, म्हणून दोघा नवराबायकोंनी तो चहा पुन्हा पुन्हा गरम करत दुपारपर्यंत प्यायला.

मग विठ्ठलरावांचं जेवण तुटलं. झोप उडाली. पाय गळाल्यासारखे झाले. बीडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा कागद काढला, सगळं पाहून झाल्यावर विचारलं, "इलेक्शन कधी होती?"

"झाली. सोमवारी."

"या महिन्यातले तुम्ही पाचवे," डॉक्टर म्हणाले, आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

मुलगी शिवकन्या पुण्याला एका कंपनीत होती. दुसऱ्यांचा कामातला उत्साह टिकवून ठेवणं हेच तिथे तिचं काम. तिने फोनवर वडिलांचा आवाज ऐकला आणि निदान करून टाकलं. "अण्णा, तुम्हाला काही झालेलं नाही. तुमचा हेतू हरवलाय." आणि तिने त्यांना एका शिबिरात घातलं. शिबीर मोबाइलवरच होतं. नाव 'नव्वद दिवसांत नवे तुम्ही'. रोज पहाटे एक निळ्या कोटातला तरुण पडद्यावर यायचा, दोन्ही हात पसरायचा आणि म्हणायचा, "नमस्कार, विजेत्यांनो." हा शब्द विठ्ठलरावांना सुरुवातीला लागायचा. त्या तरुणाने एक वही ठेवायला सांगितली होती. वहीत रोज एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: आज मी कुणासाठी उठलो?

आता सत्तावीस वर्षांत विठ्ठलरावांनी सहीशिवाय स्वतःच्या हाताने काही लिहिलं नव्हतं. त्यांनी मुक्ताबाईंना समोर बसवलं. "हं, घ्या लिहून. आज मी कुणासाठी उठलो." आणि ते विचारात पडले. बराच वेळ झाला. मुक्ताबाईंना चुलीकडे जायचं होतं. त्यांनी आपल्या मनाने लिहिलं, 'लघवीसाठी', आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशीच्या धड्यात ज्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटते त्यांची नावं लिहायची होती. विठ्ठलरावांनी सांगितलं, "लिहा, संघाचे नवे चेअरमन वगळता सर्वांबद्दल."

असे वीसेक दिवस गेले आणि फरक पडला तो दुष्काळात. विहीर जानेवारीतच तळाला गेली होती, आता तळही दिसायला लागला. कडबा संपला. चार जनावरं मुक्ताबाईंनी आधीच बाजार दाखवून मोकळी केली होती. दोन बैल, एक तांबडी गाय आणि तिचं खोंड एवढी उरली होती. तेवढ्यात नेकनूरच्या रस्त्याला एका सेवा सोसायटीने चारा छावणी उघडली. चारा-पाणी तिथे मिळणार, पण जनावरांसोबत घरचं एक माणूस मुक्कामाला पाहिजे हा नियम होता. हजेरी दोन्ही वेळेला व्हायची, जनावरांची आणि माणसांचीही. आश्रुबा ऊसतोडीला गेला होता. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, तो परत यायला अजून तीन-चार महिने होते.

"तुमी जा," मुक्ताबाई म्हणाल्या.

"मी? छावणीत?"

"कावून? सारं आयुष्य जनावरांसाठी वेचलं म्हनून भाषनात तुमीच सांगत व्हता की. मी ऐकलंय सोता, पयल्या रांगेत बसून."

विठ्ठलराव गेले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, लोखंडी पलंग, मच्छरदाणी आणि वही घेऊन गेले. छावणीच्या कमानीपाशी गाडीतून उतरले आणि दोन मिनिटं उगीचच थांबून राहिले. फीत कापायला कात्री कुणी आणून देईना, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की इथे आपण उद्घाटनाला आलेलो नाही. एका माणसाने बैलांच्या आणि गाईच्या कानाला पिवळे बिल्ले मारले, खोंडाच्या कानालाही मारला आणि वर न बघता विचारलं, "नाव?"

"विठ्ठलराव."

"फुडं?"

विठ्ठलरावांना पुढचं नाव कुणी विचारून सत्तावीस वर्षं झाली होती. त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं. हिरव्या जाळीखाली सातवी दावण त्यांच्या वाट्याला आली.

संध्याकाळी गाय ओरडायला लागली. कास भरली होती. विठ्ठलराव तिच्यासमोर उभे राहिले. ती आणखी ओरडली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "बघू, करू आपण काहीतरी." हे वाक्य त्यांनी आजवर हजारो माणसांना सांगितलं होतं आणि माणसं ते ऐकून घरी जायची. गाय गेली नाही.

शेजारच्या दावणीला साखराबाई होती. धनगराची, साठीच्या आसपासची, काटक बाई. नवरा तात्याबा मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेला, आणि ही दोन भाकड म्हशींना घेऊन इथे राहिलेली. ती कमरेवर हात ठेवून हा सगळा प्रकार बघत होती. शेवटी तिच्याने राहवलं नाही.

"पाव्हनं, धार येती का काढता?"

"बाई, मी सत्तावीस वर्षं दूध संघाचा चेअरमन..."

"ते न्हाई इचारलं मी. धार येती का?"

"नाही."

"मंग बसा खाली."

विठ्ठलराव इस्त्रीच्या धोतरानिशी गाईखाली बसले. साखराबाईने आधी खोंड सोडलं, गाईला पान्हा फुटू दिला, मग खोंड ओढून बांधलं. "चिमटीनं वढू नका, मुठीनं दाबा. वरून खाली. घाई कराल तर लाथ खाल." विठ्ठलरावांनी घाई केली आणि लाथ खाल्ली. दुसऱ्यांदा पेलाभर दूध निघालं, त्यातलं निम्मं धोतरावर. उरलेली धार साखराबाईने काढायला घेतली, पण गाईने तिला दूध दिलं नाही. कास चोरून उभी राहिली.

"लई हट्टी हाय हो तुमची गाय. एका हाताची सवय हाय तिला," साखराबाई म्हणाली. "त्यो हात हितं न्हाई, तर आता तुमचाच लागंल. आन एक ध्यानात ठिवा, ह्या दिसात धार चुकली की कास दगडावानी व्हती. सड बाद व्हतो."

आठ दिवस विठ्ठलरावांची बोटं रात्री सुजायची. नवव्या दिवशी धार सरळ लागली, आणि भांड्यात दुधाचा जो आवाज झाला तो ऐकून ते एकटेच हसले. गाईने त्यांचा हात ओळखला होता. दूध संघाच्या सर्वसाधारण सभेत टाळ्यांचा कडकडाट होतो, त्यानेही त्यांना एवढं बरं वाटलं नव्हतं. हे त्यांनी स्वतःशी कबूलही केलं.

दोन्ही वेळचं मिळून चारेक लिटर दूध निघायला लागलं. ते घालायचं कुठे, हा प्रश्न होता. संघाची गाडी छावणीवरून जायची, पण थांबायची नाही. गाडीचा मार्ग आता बंकट ठरवत होता. छावणीत बैलवाले म्हातारे भरपूर. त्यांच्याकडे दुभतं जनावर नाही, सकाळ-संध्याकाळ कोरा चहा. एका पहाटे विठ्ठलरावांनी आपली चरवी त्यांच्या चुलीवरच्या पातेल्यात रिकामी केली. सतरा माणसांनी महिन्याभराने दुधाचा चहा प्यायला. धोंडीराम नावाचा म्हातारा होता, बोलायला तिखट. त्याने पेला तोंडाला लावला, संपवला, आणि म्हणाला, "चेअरमन, तुमी सत्तावीस साल दुधाचं बोलला. आज पयल्यांदा दूध दिलं."

दुसऱ्या पहाटे साडेपाचला विठ्ठलराव उठले, तर सतरा जण पेले घेऊन चुलीभोवती बसले होते आणि सगळ्यांचे डोळे सातव्या दावणीकडे लागले होते. ही माणसं दाखल्यासाठी आलेली नव्हती, नोकरीसाठी आलेली नव्हती. यांच्या चहाला त्यांच्या हातचं दूध हवं होतं. त्या दिवशी त्यांनी वही स्वतः उघडली, आज मी कुणासाठी उठलो याखाली मोठ्या, वाकड्या अक्षरात सतरा नावं लिहिली, आणि अठरावं नाव गाईचं लिहिलं.

मग त्यांचं सगळंच बदललं. तीन भाकरी आणि ठेचा खाऊन ते दुपारी झाडाखाली घोरायला लागले. पोट उतरलं. चाऱ्याला आलेला ऊस स्वतः कोयत्याने बारीक करायचे, टँकर आला की सगळ्यांच्या आधी बादली लावायचे, आणि धारेची वेळ कधी पाच मिनिटंही चुकवायचे नाहीत. पांढरे कपडे मळून गेले तेव्हा त्यांनी आश्रुबाची जुनी बंडी मागवून घेतली. शिवकन्येचा फोन आला, ती म्हणाली, "अण्णा, तुमचा आवाज किती मोकळा झालाय. शिबिराचा फायदा झाला बघा." शिबीर ते रोज बघत होते हे खरं होतं, पण आता धार काढताना मोबाइल खुंटीला टांगून बघत होते, आणि लक्ष गाईकडे असायचं.

एका रविवारी मुक्ताबाई डबा घेऊन आल्या. विठ्ठलराव पाठमोरे बसले होते, बाह्या वर केलेल्या, कपाळ गाईच्या पोटाला टेकवलेलं, आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. मुक्ताबाई डबा धरून तशाच उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. जाताना त्या म्हणाल्या, "एक सांगते, ऐका. हे हाय तसंच ऱ्हाऊ द्या. ह्याच्यात दुसरं काय बी घालू नका."

"काय घालणार आहे मी?" विठ्ठलराव म्हणाले.

काय घालणार हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते शिबिराच्या ऐंशीव्या दिवशी कळलं. निळ्या कोटातला तरुण त्या दिवशी फारच भरात होता. "विजेत्यांनो, तुम्हाला तुमचा हेतू सापडला असेल, तर तो आता मोठा करा. लहान आनंदावर थांबतो तो हरतो." विठ्ठलरावांच्या हातातली धार थांबली. हरतो हा शब्द त्यांना आजही लागत होता. कुठलीही गोष्ट मोठी करायचा एकच रस्ता त्यांना ठाऊक होता. या जिल्ह्यात तो लहान पोरालाही ठाऊक असतो.

चहाच्या वेळी ते खाकरून म्हणाले, "हे असं असंघटित किती दिवस चालणार?"

"काय असंघटित?" धोंडीरामने विचारलं.

"चहा."

धोंडीरामने पेल्यात पाहिलं. चहा ठीक होता.

"आज गाय आहे, उद्या नाही. आज मी आहे, उद्या नाही. कामाला संस्थेचं रूप पाहिजे," विठ्ठलराव म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा उजवा हात हवेत वर गेला. "आपण सहकारी संस्था काढू."

साखराबाई म्हशीखालचं शेण ओढत होती. ती थांबली. "तुमाला च्याला दूध पायजे का इलेक्शन पायजे?"

कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. कारण संस्था म्हटल्यावर सतरा म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत एकदम तेज आलं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या संस्थांना अंगठे आणि मतं दिली होती, स्वतःच्या नावापुढे संचालक हा शब्द कुणालाच लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी नाव ठरलं: नवजीवन छावणी दुग्ध व चहा सहकारी संस्था मर्यादित, नियोजित. तिसऱ्या दिवशी पोटनियम लिहायला घेतले. विठ्ठलरावांना सगळे पोटनियम तोंडपाठ होते. त्यांनी वहीत चव्वेचाळीस लिहिले. अध्यक्षांचे अधिकार, अध्यक्षांच्या अनुपस्थितीत उपाध्यक्षाने सभा चालवणे, गणपूर्ती, राखीव जागा, सगळं. सभासद अठरा, साखराबाईला महिला म्हणून घेतलं ते एकोणीस, आणि संचालक मंडळ अकरा जणांचं. दूध देणारी गाय एक.

निवडणूक बिनविरोध होईल असं विठ्ठलराव धरून चालले होते. गाय त्यांची, वही त्यांची. पण अर्ज भरायच्या दिवशी धोंडीराम उठला आणि म्हणाला, "मी हुबा ऱ्हातो अध्यक्षाला."

"तुम्ही? कशाला?"

"कशाला म्हंजी? मला बी वाटतं, मरायच्या आदी येकदा चेअरमन म्हनून घ्यावं कुनी."

त्याच दिवशी छावणीत दोन चुली झाल्या. कालपर्यंत एका पातेल्यातला चहा पिणारी माणसं आता कुणाच्या चुलीवर कोण बसलं हे एकमेकांना सांगायला लागली. डोंगरपट्टीतले एकीकडे, रस्त्यावरच्या गावांतले दुसरीकडे. विठ्ठलरावांच्या पॅनेलची निशाणी चरवी, धोंडीरामची किटली. दूध दोन्हीकडे निम्मं निम्मं जायचं, आणि दोन्हीकडे ते कमी पडल्याची तक्रार विठ्ठलरावांच्याच कानावर यायची.

विठ्ठलरावांना वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटत होतं. बंडी गेली, इस्त्रीचे कपडे घरून आले. दावणी-दावणीने ते प्रचार करत हिंडायचे. धारेला आधी दहा मिनिटं उशीर झाला, मग अर्धा तास, मग तास. गाय मागे वळून बघत राहायची. "आलो, आलो," ते लांबूनच म्हणायचे. मुक्ताबाईंनी फोन केला तर ते म्हणाले, "आता नको, मीटिंगमध्ये आहे," आणि हे म्हणताना त्यांच्या अंगावर सुखाचा काटा आला. किती महिन्यांनी हे वाक्य तोंडात आलं होतं.

मतदानाला दोन दिवस राहिले तेव्हा त्यांनी आकडा मांडला. आपल्याकडे नऊ, त्यांच्याकडे नऊ, आणि डोंगरपट्टीतला हरिबा कुंपणावर. अशा वेळी काय करायचं हे सहकारात सगळ्यांना माहीत असतं. मतदारांना सहलीला न्यायचं. मतदानाच्या दिवशीच परत आणायचं, म्हणजे मध्ये कुणी फोडत नाही. विठ्ठलरावांनी आपल्या आठ जणांना आणि हरिबाला घरच्या गाडीत दाटीवाटीने भरलं आणि नारायणगडाला नेलं. दर्शन झालं, नगदनारायणाच्या पायरीवर हात ठेवून शपथा झाल्या, बुक्क्याचा टिळा झाला, सांज्याचं जेवण झालं. हरिबा तर म्हणाला, "असली सहल जल्मात न्हाई झाली. दर सा महिन्याला इलेक्शन घ्या." छावणीत मागे राहिलेले या लोकांचे बैल दोन दिवस धोंडीरामच्या माणसांनी सांभाळले. वैरण घातली, पाणी दाखवलं, हजेरीला पुढे उभे केले आणि गेलेल्या मालकांच्या नावालाही 'हजर' म्हणून ओरडले. बैलांना पॅनेल नसतं, हे तरी त्या म्हाताऱ्यांना कळत होतं.

निघताना विठ्ठलरावांनी साखराबाईला सांगितलं होतं, "दोन दिवस गाईकडे बघा." आणि तिने तोंड उघडायच्या आत काच वर केली होती. दोन दिवस म्हणजे चार धारा. पहिल्या रात्री गडावर, जेवणानंतर, त्यांना एकदम गाईची आठवण झाली. आत्ता निघालो तर पहाटेच्या धारेला पोहोचू, असा विचार खरोखर मनात आला. ते उठून चपला शोधायलाही लागले. पण हरिबा पलीकडेच झोपला होता, आणि हरिबाला एकटं सोडायचं म्हणजे मत सोडायचं. ते परत येऊन झोपले.

गाडीतून उतरून लगेच मतदान झालं. दहा विरुद्ध नऊ. विठ्ठलराव अध्यक्ष. एकोप्यासाठी धोंडीरामला उपाध्यक्ष केलं. लगोलग चाऱ्याच्या ताडपत्रीखाली पहिली सभा भरली. अध्यक्षांसाठी छावणीच्या ऑफिसातून प्लास्टिकची खुर्ची आली, बाकीचे गोणपाटावर बसले. विठ्ठलराव खुर्चीत टेकले तेव्हा त्यांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. चार महिन्यांत एवढी चांगली बैठक त्यांना लाभली नव्हती.

चहा आला. कोरा होता.

विठ्ठलरावांनी पेला खाली ठेवला. "दूध कुठं आहे?" ताडपत्रीमागून एक जनावर सारखं ओरडत होतं, त्यामुळे मागच्यांना ऐकूही गेलं नसावं. "ते कुणाचं जनावर आहे? जरा लांब नेऊन बांधा," विठ्ठलराव म्हणाले. "सभा चालू आहे."

साखराबाई उठून उभी राहिली. ती चिडलेली नव्हती, थकलेली होती. "तुमचंच हाय ते. दोन दीस मी बसले तिच्याखाली, लाथा खाल्ल्या. तिनं न्हाई दिलं दूध. मंग वासरू सोडलं, ते पुढले दोन सड प्यालं आन बाजूला झालं. मागली कास तटतटून ऱ्हायली. डाक्टर येऊन सुई देऊन गेले. डावा सड गेला. उजवा हाय अजून, पन आत्ता काढली न्हाई धार तर त्यो बी जाईल."

विठ्ठलरावांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त दुःख झालं. मांडीवर त्यांचा उजवा हात आपोआप मुठीसारखा वळला, उघडला, परत वळला. बोटांना सगळं आठवत होतं.

"जा, चेअरमन," धोंडीराम म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीचा तिखटपणा नव्हता. "धार काढून या. आमी बसतो हितंच. सभा कुटं पळती?"

विठ्ठलराव अर्धे उठले. खुर्ची मागे सरकली. अठरा माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि एकाच्याही डोळ्यांत राजकारण नव्हतं. पण विठ्ठलरावांना धोंडीराम दिसला, गोणपाटावर पहिल्या जागी, खुर्चीपासून दोन हातांवर बसलेला. अध्यक्षांच्या अनुपस्थितीत सभा उपाध्यक्ष चालवतील. हा पोटनियम त्यांनीच वहीत घातला होता. बंकटही नऊ वर्षं असाच दोन हातांवर बसत होता.

ते परत खाली बसले. कपाळावरचा घाम पुसला आणि वही पुढे ओढली.

"लिहून घ्या," ते म्हणाले. सुरुवातीला आवाज जरा चिरकला, मग सुधारला. "ठराव क्रमांक एक. मा. अध्यक्षांवरील कामाचा वाढता व्याप लक्षात घेता, त्यांच्या गाईची धार काढण्यासाठी एक योग्य व्यक्ती नेमण्यात यावी, असे ही सभा ठरवीत आहे. सूचक?"

हरिबाने गडावरचं जेवण आठवून हात वर केला. अनुमोदकही कुणीतरी मिळाला.

"मंजूर असणाऱ्यांनी हात वर करावेत," विठ्ठलराव म्हणाले, आणि सगळ्यात आधी त्यांनी स्वतःचा केला. हळूहळू बाकीचे हात वर गेले. धोंडीरामचा शेवटी गेला. साखराबाईने हात वर केला नाही. तिने खुर्चीशेजारची रिकामी चरवी उचलली आणि ताडपत्रीबाहेर गेली.

थोडा वेळ गाय ओरडत राहिली, मग लाथ बसल्याचा आणि चरवी घरंगळल्याचा आवाज आला. विठ्ठलरावांनी तिकडे मान वळवली नाही. त्यांनी घसा साफ केला आणि पुढचा विषय वाचला. तो सभासदांच्या चहासाठी दूध कुठून आणायचं, हा होता.